वाचकांचे प्रश्न : शिकाऊ विमानाची सीट किती वजन पेलते?

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर व्यावसायिक वैमानिकाचे शिक्षण घेऊ इच्छितो. त्याची उंची सहा फूट एक इंच असून वजन ९८ किलो आहे. एका प्रशिक्षण संस्थेने ‘सेसना १५२ च्या सीटला ९० किलोंची मर्यादा आहे’ असे सांगून त्याला वजन कमी करून येण्यास सुचवले, तर दुसऱ्या संस्थेत त्याचे वजन कोणी विचारलेही नाही. सीटला खरोखरच अशी मर्यादा असते का? असल्यास दुसरी संस्था निष्काळजी म्हणायची का? — एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : सीटची मजबुती, विमानाचे एकूण वजन आणि त्या वजनाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर ते सारे वजन तोलले जाते तो. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. आपल्या मुलाच्या बाबतीत सीटपेक्षा एकूण वजनाचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरेल, असे माझे मत आहे.

प्रथम सीट. सेसना १५२ हे दोन आसनांचे विमान १९७७ ते १९८५ या काळात बनले आणि त्याची रचना त्याआधीच्या जुन्या अमेरिकी नियमांनुसार झाली. त्या नियमांत सामान्य वर्गातील विमानाच्या सीटची मजबुती तपासताना बसणाऱ्याचे वजन १७० पौंड, म्हणजे ७७ किलो धरत. १५२ ज्या युटिलिटी वर्गात, म्हणजे मर्यादित हवाई कसरतींची मुभा असलेल्या वर्गात मोडते, त्यात पॅराशूटसह १९० पौंड, म्हणजे ८६ किलो धरत. पुढच्या काळात हा आकडा २१५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेसत्त्याण्णव किलोंपर्यंत वाढवण्यात आला. तथापि हे आकडे रचनाकाराने गणितासाठी गृहीत धरलेले आहेत आणि ते ओलांडताच सीट मोडते असा त्यांचा अर्थ नाही. विमान आपटले तर सीटवर पुढच्या दिशेने वजनाच्या नऊपट जोर येईल असे धरून ती मजबुती ठरवलेली असते. त्यामुळे वजनदार माणसासाठी रोजच्या उड्डाणात सीट पुरेशी असली, तरी अपघाताच्या क्षणी हाताशी राहणारी शिल्लक ताकद कमी होते, एवढे मात्र खरे.

उड्डाणापुरती बंधनकारक मर्यादा कोणती, हे त्या विमानाच्या हस्तपुस्तिकेतील मर्यादांच्या प्रकरणात किंवा कॉकपिटमधील फलकावर लिहिलेले असते. ग्लायडर (इंजिनाविना तरंगणारे विमान) आणि अनेक हलक्या विमानांमध्ये प्रत्येक सीटचे कमाल वजन असे स्पष्टपणे नोंदलेले असते. सेसना १५२ च्या हस्तपुस्तिकेत भर आहे तो एकूण वजन, गुरुत्वमध्याची हद्द आणि सामानाच्या जागेवर. म्हणून ‘९० किलो’ हा आकडा कुठे छापला आहे, हे त्या संस्थेला नम्रपणे विचारावे. तो संस्थेने स्वतः ठरवलेला असेल, तर तसा नियम करण्याचा तिला अधिकार आहे. कोणताही प्रशिक्षक कोणत्याही विद्यार्थ्याबरोबर बसू शकावा, म्हणून अशी सोय केली जाते. मात्र तो संस्थेचा नियम आहे असे स्पष्ट सांगायला हवे. सीटच्या नावावर तो खपवणे मला योग्य वाटत नाही.

आता खरा हिशेब पाहू. सेसना १५२ चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १,६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचे वजन प्रत्येक विमानाचे निराळे असते, कारण चाळीस वर्षांत त्यावर रंगाचे थर चढतात, नवे रेडिओ बसतात, दुरुस्त्या होतात. म्हणून पुस्तकातला सरासरी आकडा न घेता त्याच विमानाचे शेवटचे वजनपत्रक पाहावे लागते. उदाहरणापुरते ते ५१५ किलो धरू. उरले २४२ किलो. टाक्या पूर्ण भरल्यास वापरता येण्याजोगे इंधन सुमारे ९३ लिटर, म्हणजे ६७ किलो होते. माणसे आणि सामान यांच्यासाठी राहिले १७५. आपला मुलगा ९८, प्रशिक्षक ८४ आणि पिशवी ५, अशी बेरीज १८७ होते, म्हणजे विमान १२ किलोंनी जड ठरते. यावर उपाय सोपा आहे : इंधन सुमारे १७ लिटर कमी घ्यायचे. उरलेले ७६ लिटर, ताशी साधारण २३ लिटर खपाच्या हिशेबाने, तीन तासांहून अधिक पुरते आणि एक तासाच्या पाठानंतरही राखीव साठा भरपूर राहतो. एकट्याने उड्डाण करायच्या दिवशी तर प्रश्नच उरत नाही, कारण तेव्हा पूर्ण टाक्यांसह वजन ६८० किलोच भरते.

म्हणजे ९८ किलोंचा विद्यार्थी या विमानात शिकू शकतो, पण प्रत्येक दुहेरी उड्डाणापूर्वी इंधन मोजून घ्यावे लागते आणि आदल्या पाळीने टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या असतील, तर विमान बदलावे लागते किंवा इंधन काढावे लागते. ज्या संस्थेने वजन विचारले नाही, तिच्याकडे हा हिशेब कोण आणि केव्हा करतो, हे प्रवेशापूर्वी जाणून घ्या. लोड अँड ट्रिम शीटवर, म्हणजे वजन आणि तोल यांच्या तक्त्यावर, प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठोकळमानाने ७५ किलो लिहिले जात असेल, तर ती सवय धोकादायक आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे बीचक्राफ्ट १९०० डी विमान उड्डाण करताच कोसळून त्यातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. शेपटीकडील नियंत्रणाची केबल चुकीची जुळवलेली होती, आणि विमान सरासरी वजनांच्या हिशेबाने कागदावर हद्दीत असूनही प्रत्यक्षात जड होते व त्याचा गुरुत्वमध्य मागे गेलेला होता. त्यानंतर तेथील विमान प्रशासनाने ही सरासरी वजने वाढवली.

दहा-बारा किलोंनी काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. थंड सकाळी, लांब धावपट्टीवर कदाचित काहीच जाणवणार नाही. पण मे महिन्यात, समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीच्या धावपट्टीवर पारा ४० अंशांवर असताना हवा जवळपास १,७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते आणि सुमारे ११० अश्वशक्तीच्या या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. शिवाय ६० अंशांच्या वळणात पंखांना आणि सीटला दुप्पट वजन पेलावे लागते. कमाल वजनाच्या आतली सारी आश्वासने हस्तपुस्तिकेत आहेत. बाहेरचे एकही नाही.

गुरुत्वमध्याची चिंता या उदाहरणात नाही. इंजिनामागच्या भिंतीपासून तो ३३.३ इंचांवर येतो आणि कमाल वजनाला त्याची हद्द ३२.६५ ते ३६.५ इंच आहे. मात्र उंच मुलगा सीट मागे सरकवून बसेल, तेव्हा ती रुळांवर पक्की अडकली आहे का, हे हलवून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. सेसनाच्या सीटचे रूळ आणि खिळी झिजल्याने उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरल्याच्या घटनांमुळे त्यांची नियमित तपासणी अमेरिकेत १९८७ पासून सक्तीची आहे.

वजन मात्र बूट, कपडे आणि हेडसेटसह खरे सांगावे. संकोचाने चार किलो कमी सांगणारी मुले असतात. त्यांना हिणवणारे प्रशिक्षक असतील, तर चूक प्रशिक्षकांची आहे.

प्रश्न : माझे वजन ४६ किलो आहे. हलक्या विद्यार्थिनीला काही अडचण येते का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सेसना १५२ मध्ये सहसा येत नाही, एकट्याने बसल्यावरही गुरुत्वमध्य सामान्यतः हद्दीत राहतो, तरी हिशेब करून खात्री करावी. ग्लायडरमध्ये मात्र पुढच्या सीटला किमान वजनाची अट असते आणि ते कमी पडल्यास शिशाचे किंवा तत्सम वजन पक्के बसवूनच उड्डाण करावे लागते, कारण पुढचा भाग हलका राहिला की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान आवरणे कठीण होते. आपल्याला जाणवेल तो फरक पहिल्या एकल उड्डाणात : प्रशिक्षक उतरल्याने विमान एकदम ऐंशीएक किलोंनी हलके होते, लवकर उचलते, वेगाने चढते आणि उतरताना धावपट्टीवर अधिक वेळ तरंगते. पाय पॅडलपर्यंत पोहोचावेत म्हणून पाठीशी उशी घ्यावी लागली, तर ती कडक असावी. मऊ उशी उड्डाणाच्या धावेत दबते आणि नेमक्या त्याच वेळी पाय पॅडलवरून मागे येतात.