‘नावापुरता निकाह’ म्हणजे काय?

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. तो मुस्लिम, मी हिंदू. धर्म न बदलता लग्न करायचं ठरलंय. पण त्याची अम्मी ‘नावापुरता निकाह करा, नाव बदल’ म्हणतात आणि तो गप्प बसतो. माझ्या आईनं तर बोलणंच टाकलंय. आधी रजिस्टर लग्न करून मग घरी सांगावं का?

उत्तर : नको, कारण ते लपणार नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे दिलेली नोटीस ३० दिवस लावली जाते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या कार्यालयातही लागते. म्हणजे बातमी गावी तुमच्या आधी पोहोचायची! लेकीचं लग्न परक्याच्या तोंडून कळलं, हे आईवडील वर्षानुवर्षं विसरत नाहीत. घरच्यांची नापसंती हा मात्र कायदेशीर आक्षेप ठरत नाही.

मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती असेल तर क्रम उलटा करा. आधी पोलिसांकडे लेखी अर्ज, मग घरी. अशा जोडप्यांना संरक्षण द्यावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहेत.

आता अम्मी. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. काळजी वाटते ती त्याच्या गप्प बसण्याची. अशा निकाहाआधी सहसा मुलीला धर्मांतर करायला सांगतात. मग त्यात नावापुरतं काही उरत नाही, लागू होणारा कायदाच बदलू शकतो. विशेष विवाह कायद्यात वारसा १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो : मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश, बाकी मुलांना. हे अम्मींना त्यानंच सांगायचं. तुम्ही बोललात तर सून आल्याआल्या हट्टी ठरेल.

नोटिशीआधी दोघं निवांत बसा. सणांचं जमून जातं. शीरखुर्मा आणि फराळ कुणाला नको असतो? अडतं ते मुलांच्या नावावर, सुंतेवर, दफन की दहन यावर. सुंतेचा विषय हमखास बाळंतपणात निघतो. तुम्ही थकलेल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तो पुन्हा गप्प. त्या दिवशी काय बोलायचं ते त्याच्याकडून आत्ताच वदवून घ्या.

आईला समजावणं सध्या थांबवा. आठवड्यातून एकदा खुशालीचा मेसेज करा, त्यात लग्नाचा विषय नको. उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा करा.