सूरसंवाद : विली नेल्सनचे नवे अल्बम आणि जुने चाहते

मागील अंकात या सदरात अमेरिकेतील कंट्री गायक विली नेल्सन याच्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तिघांच्या प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गेली तीस वर्षे मी विली नेल्सन ऐकतो. 2024 साली आलेले त्याचे ‘द बॉर्डर’ आणि ‘लास्ट लीफ ऑन द ट्री’ हे दोन्ही अल्बम आमच्या रविवारच्या बैठकीत लावले, तेव्हा आठांपैकी पाच जण म्हणाले की हा आता गात नाही, नुसता बोलतो. त्याने थांबायला हवे होते का?
– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : आपल्या मित्रांना जे ऐकू आले ते खोटे नाही. नेल्सनचा जन्म 1933 चा. म्हणजे हे दोन्ही अल्बम आले तेव्हा तो 91 वर्षांचा होता. दम कमी पडतो, ओळ लवकर तुटते, वरचा स्वर तो ओझरता लावून सोडून देतो. परंतु ‘बोलतो’ ही तक्रार मात्र वयाच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण तो तरुणपणापासून असाच गातो. ताल पुढे निघून जातो, शब्द मागाहून सावकाश येतो, आणि आता हा चुकला असे वाटेपर्यंत पुढची ओळ झपाट्याने म्हणून तो नेमका जागेवर पोहोचतो. 1960 च्या दशकात नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या केंद्रातील ध्वनिमुद्रणांत त्याच्या गाण्याभोवती व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस रचला जाई, आणि त्या सजावटीत ही लकब दबून जाई. ठुमरीत समेला झुलवत ठेवणाऱ्या गळ्याला दाद देणाऱ्या आपल्या बैठकीला ही लकब परकी वाटू नये. एका रविवारी त्याचा 1975 चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ आणि त्यापाठोपाठ ‘लास्ट लीफ’ लावा, आणि दोन्ही वेळा बोटांवर ताल मोजत ऐका. आवाज पन्नास वर्षांनी थकलेला आढळेल. शब्द टाकण्याची जागा मात्र तीच आढळेल.

थांबण्याचा प्रश्न कोल्हापूरकराने विचारावा हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्याची दोन्ही उत्तरे या गावाशी नाते असलेल्या परंपरेतच आहेत. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुण वयात अतिगायनाने बसला आणि मूळचा गोडवा पुन्हा आला नाही, असे सांगितले जाते. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी वक्र, पेचदार तानांची गायकी त्यांनी घडवली, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने ती येथे रुजली. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र, आपल्याच कसोटीला गाणे उतरणार नाही असे वाटू लागताच, जाहीर मैफली बंद केल्या. दोन्ही निर्णय मला सारखेच आदरणीय वाटतात, परंतु ते गाणाऱ्याने घ्यायचे असतात. चाहत्याच्या हाती एवढेच आहे की आवडले नाही तर तसे स्पष्ट म्हणावे. मीही म्हणतो : ‘द बॉर्डर’ची बांधणी सफाईदार आहे, तरी त्यातील भरगच्च वाद्यमेळ या आवाजाला झाकून टाकतो. मुलगा मायका याने निर्मिती केलेला ‘लास्ट लीफ’ त्याहून उघडावाघडा आहे, त्यात श्वासही ऐकू येतो, आणि म्हणूनच मला तो अधिक जवळचा वाटतो.

प्रश्न : ‘लास्ट लीफ’मधील बहुतेक गाणी दुसऱ्यांची आहेत. 2025 मध्ये आलेला अल्बमही रॉडनी क्रोवेल या एकाच गीतकाराच्या गाण्यांचा आहे. स्वतः एवढा मोठा गीतकार असताना ही उसनवारी कशासाठी? शिवाय यूट्यूबवरील कार्यक्रमांत तो आपली स्वतःची गाजलेली गाणी एकमेकांना जोडून उरकतो, याचा फार विषाद वाटतो.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : उसनवारीची ही तक्रार नवी नाही. 1978 मध्ये, कंट्रीचा बंडखोर म्हणून ऐन भरात असताना, त्याने जुन्या अमेरिकन लोकप्रिय गीतांचा ‘स्टारडस्ट’ हा अल्बम काढला. ध्वनिमुद्रण कंपनीला तो बेत धोक्याचा वाटला होता, परंतु तोच त्याच्या सर्वाधिक गाजलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. दुसऱ्याची चीज आपल्या गळ्यातून कशी येते हे दाखवणे हे गायकाचे कामच आहे, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याच बंदिशी गाणाऱ्यांना कोणी आळशी म्हणत नाही.

कार्यक्रमांविषयी मात्र मी आपल्या बाजूने आहे. गायिका पॅट्सी क्लाइनने 1961 मध्ये अजरामर केलेले ‘क्रेझी’ हे गीत नेल्सनने लिहिले, आणि तेच त्याच्या तोंडून संपूर्ण ऐकावे असे कोणालाही वाटेल. पण अनेक वर्षे तो ते आणखी दोन जुन्या गाण्यांच्या माळेत ओवून थोडक्यात गात आला आहे. साठ वर्षे गायलेल्या गाण्याबाबत ही मोकळीक मी समजू शकतो, तरी चुटपुट राहतेच. एवढे लक्षात घ्यावे की 2024 च्या जूनमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे दौऱ्याचे पहिले काही कार्यक्रम त्याला सोडावे लागले, त्याच्या जागी मुलगा ल्यूकस गायला, आणि 4 जुलैला हा वृद्ध गृहस्थ पुन्हा रंगमंचावर आला. आता तो बसून गातो. त्या दिवशी समोर बसलेल्यांना गाणे पुरे झाले की नाही याचा हिशेब सुचला असेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : त्याच्या गिटारीला मोठे भोक पडलेले दिसते. त्याने आवाज बिघडत नाही का? तो नवी गिटार का घेत नाही?
– एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : ती गिटार 1969 पासून त्याच्याकडे आहे, तिचे नाव ‘ट्रिगर’. नायलॉनच्या तारांची ही गिटार मुळात बोटांनी वाजवण्यासाठी असते, म्हणून तिच्या पातळ लाकडावर संरक्षक पट्टी नसते. नेल्सन ती पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या चकतीने, वाजवतो, त्यामुळे घासून घासून मूळच्या छिद्राशेजारी दुसरे भोक पडले. आवाज घोडीखालच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या उपकरणातून, उचलला जात असल्याने सभागृहात फारसा फरक पडत नाही. आतून आधार देऊन आणि वेळोवेळी कारागिराकडून दुरुस्ती करून तिला सांभाळले आहे, आणि तिच्या लाकडावर त्याच्या अनेक स्नेह्यांच्या सह्या आहेत.