‘भरून पावलो, तक्रार नाही’ असे लिहून दिल्यानंतर

पुण्यातील एका निवृत्त शिक्षकांनी चार वर्षांपूर्वी आपली सदनिका पत्नीच्या भाच्याला ५८ लाख रुपयांना विकली. त्यांपैकी ६ लाख खात्यात जमा झाले. उरलेल्या ५२ लाखांसाठी पुढच्या तारखांचे चार धनादेश मिळाले, त्यांचे क्रमांक खरेदीखतात नमूद झाले आणि दस्ताची नोंदणीही झाली. ‘मामा, कर्ज मंजूर होईपर्यंत धनादेश बँकेत टाकू नका, आणि घर सोडायचीही घाई करू नका’ असे भाच्याने सांगितले, म्हणून धनादेश कपाटात राहिले आणि कुटुंब त्याच घरात राहिले. गेल्या महिन्यात एका वित्त कंपनीची नोटीस दारावर चिकटवली गेली, तेव्हा कळले की भाच्याने खरेदीखत दाखवून याच सदनिकेवर कर्ज उचलले आहे, हप्ते थकवले आहेत आणि कंपनी ४१ लाखांची मागणी करीत आहे. पैसेच मिळाले नाहीत म्हणजे विक्रीच झाली नाही, तेव्हा खरेदीखत रद्द करून मिळेल का, असा शिक्षकांचा प्रश्न आहे. नात्यातला माणूस एवढाच काय तो बदलतो. बाकी याच आशयाची पत्रे सतत येत असतात.

खरेदीखत रद्द होण्याची आशा आपण सोडावी, असे मला स्पष्ट सांगावे लागेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे किंमत पूर्ण चुकती झालेली असो, ती देण्याचे केवळ वचन असो, किंवा काही भाग दिलेला व काही कबूल केलेला असो, तिच्या बदल्यात मालकी दिली की विक्री पूर्ण होते. सुरतेतील एका शेतजमिनीच्या खटल्यात विकणाऱ्यांचे म्हणणे होते की दस्तात लिहिलेल्या ३६ धनादेशांपैकी फक्त ६ वटले आणि १ कोटी ७४ लाखांच्या मोबदल्यापैकी हाती केवळ ४० हजार आले. ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे सारे खरे धरले तरी तेवढ्यावरून नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही; विकणाऱ्याचा मार्ग बाकी रक्कम वसूल करण्याचा. त्या लोकांनी दावा लावायला पाच वर्षांहून अधिक काळ घेतला होता, आणि दावा मुदतबाह्य ठरण्यासही तोच उशीर कारणीभूत झाला.

उशीर आपणही केला आहे, आणि तो मला समजण्यासारखा वाटत नाही. धनादेशाची वैधता तीन महिने असते. चारपैकी एक जरी वेळेत भरला असता आणि तो न वटता परत आला असता, तर परक्राम्य संलेख कायद्यातल्या, धनादेश न वटण्याविषयीच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार तेव्हाच करता आली असती. दस्त रद्द करून मागण्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची आहे. भाच्याकडून व्यक्तिशः बाकी रक्कम मागण्याची मुदतही तीनच वर्षांची असून ती व्यवहार पुरा करण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तीही बहुधा संपली असावी. ‘घरातली गोष्ट कोर्टात कशाला’ या विचारात हे सगळे हक्क एकेक करून गेले.

राहिला आहे तो एकच हक्क, पण तो महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम ५५(४)(ख) प्रमाणे पूर्ण किंमत मिळण्याआधी मालकी खरेदीदाराकडे गेली, तर न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो, आणि बोजा असलेली रक्कम वसूल करण्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६२ ने बारा वर्षे दिली आहेत. म्हणजे आपला दावा ५२ लाखांच्या बोज्याचा आणि त्यासाठी सदनिकेच्या विक्रीचा असला पाहिजे. मात्र हा बोजा खरेदीदाराविरुद्ध चालतो, फुकट घेणाऱ्याविरुद्ध चालतो, आणि मोबदला देऊन घेणाऱ्याविरुद्ध चालायचा असेल तर किंमत थकल्याची त्याला ‘नोटीस’ असावी लागते. वित्त कंपनीने गहाणाच्या बदल्यात पैसे दिले आहेत. किंमत थकल्याचे तिला माहीत होते का, किंवा कायद्याने माहीत होते असे धरता येते का, या एका प्रश्नावर आपले प्रकरण तरेल किंवा बुडेल.

कंपनी आपल्या दस्तातील भरण्याचे कलम पुढे करील. आपण पाठवलेल्या प्रतीत चार धनादेशांच्या तपशिलाखाली असे वाक्य आहे : ‘येणेप्रमाणे संपूर्ण मोबदला आम्हांस भरून पावला असून त्याबाबत आमची काही एक तक्रार नाही.’ धनादेशांवरच्या तारखा मात्र दस्ताच्या नंतरच्या आहेत. पुढच्या तारखेचा धनादेश आज ‘भरून पावला’ कसा, हे लेखनिकाला विचारायचे होते. ते वाक्य न वाचता आपण सही केलीत. भाच्याविरुद्ध हे वाक्य अंतिम नाही, कारण मोबदला प्रत्यक्षात मिळालाच नाही हे बँकेच्या उताऱ्याने दाखवता येते. त्रयस्थ कंपनीविरुद्ध मात्र ते जड जाईल. तरी त्याच दस्तातल्या त्याच तारखा आपल्या उपयोगाच्याही आहेत : दस्त डोळ्यांखालून घालणाऱ्या कंपनीला, हे धनादेश वटले का, आपल्याकडे चौकशी करणे अवघड नव्हते, असे म्हणता येईल.

याहून मोठा आधार ताब्याचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे जो कोणी स्थावर मालमत्तेत हक्क मिळवतो, त्याला प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाच्या हक्काची नोटीस होती असे मानले जाते. दस्तात ‘ताबा दिला’ असे लिहिलेले असले तरी घरात आपण होतात. कर्ज देण्यापूर्वी कंपनीचा मूल्यांकन करणारा माणूस घर पाहायला आला असणार. तो केव्हा आला, दार कोणी उघडले, त्याला काय सांगितले गेले, त्याने फोटो काढले का, हे घरातल्या सगळ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. ‘भाच्याला विकलंय, पण पैसे यायचे आहेत’ असे वहिनी त्याला बोलल्या असतील, तर ते एक वाक्य साऱ्या कागदांहून मोलाचे ठरू शकते. त्याचा अहवाल कंपनीच्या फाइलमध्ये असतो आणि तो हजर करण्याचा अर्ज करता येतो. त्या चार वर्षांची वीजबिले आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या कोणाच्या नावावर आहेत, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावावर आहे, हेही पाहा. ‘कर्जासाठी लागतो’ म्हणून भाच्याने आपल्याकडून भाडेकरारावर सही घेतली असेल तर ते आपल्या वकिलांपासून लपवू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या : मालकी गेल्यामुळे घर अडवून धरण्याचा हक्क आपल्याला नाही. ताब्याचा उपयोग कंपनीला नोटीस होती हे सिद्ध करण्यापुरता आहे.

यापुढच्या बाबतीत मी खात्री देणार नाही. बँका व वित्त कंपन्यांना तारण मालमत्तेवरून थकलेले कर्ज वसूल करू देणारा जो सरफेसी कायदा, २००२, त्याच्या कलम २६-ई चा आधार घेऊन कंपनी स्वतःचे कर्ज सर्वांत आधी फिटले पाहिजे असे म्हणेल, आणि त्यापुढे आपला बोजा कितपत टिकेल हे न्यायालय पुरावा पाहूनच ठरवील. त्याच कायद्याच्या कलम ३४ मुळे दिवाणी न्यायालयाच्या अधिकाराला हरकत घेतली जाईल, हेही गृहीत धरा. दस्त १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्यामुळे फसवणुकीची तक्रार जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली होईल. पोलीस ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील अशीच शक्यता अधिक, तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

तारखा मात्र निश्चित आहेत. दारावरची नोटीस सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची आहे, तिची मुदत ६० दिवसांची. ती संपण्याआधी कंपनीला नोंदणीसह स्पीड पोस्टाने हरकत पाठवा : किंमत थकलेली आहे, ताबा माझा आहे, माझा बोजा आहे. त्यानंतर कंपनीने १३(४) खाली ताब्याची कारवाई केली की ४५ दिवसांत पुण्याच्या ऋण वसुली न्यायाधिकरणात अर्ज गेलाच पाहिजे. दिवाणी दावा त्यासाठी थांबवू नका, आणि दावा दाखल होताच त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय दाव्याच्या काळात घर घेणाऱ्यावर तिचे बंधन येत नाही. आधीच झालेल्या गहाणाला ती बाधणार नाही, पण लिलावात बोली लावणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. निकाल कधी लागेल हे विचारू नका. न्यायाधिकरणातली एक तारीख पीठासीन अधिकारी नसल्यामुळे, दुसरी कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितल्यामुळे जाते, आणि या दिरंगाईचा भुर्दंड नेहमी घरात बसलेल्या माणसालाच पडतो.

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे, त्यांच्यासाठी एवढेच. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर आधी फक्त साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवा. बँकेला कर्ज मंजूर करायला ते चालते. खरेदीखतावर सही त्या दिवशीच करा, ज्या दिवशी बँकेचा अधिकारी आपल्या नावाचा, आपला खाते क्रमांक असलेला डिमांड ड्राफ्ट घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात येईल. धनादेश घ्यावाच लागला तर ‘सर्व धनादेश वटल्यानंतरच मालकी हस्तांतरित होईल व तोवर ताबा दिलेला नाही’ असे दस्तातच लिहून घ्या, आणि मूळ दस्तांची साखळी व भागदाखला तोवर हातातून सोडू नका. कर्ज जास्त मिळावे म्हणून दस्तात किंमत फुगवून लिहायला कोणी सांगितले, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर तिथेच थांबा, कारण त्या आकड्याखाली सही आपली असते आणि भांडवली नफ्यावरचा करही त्याच आकड्यावरून काढला जातो.

भाचा आता ‘मामा, मिटवून टाकू’ म्हणत असल्याचे आपण लिहिले आहे. मिटवायचे असेल तर कंपनीला त्यात पक्षकार करून, रक्कम आणि तारखा लिहून, न्यायालयापुढेच मिटवा. घरी बसून दिलेल्या शब्दावर नोटिशीचे ६० दिवस घालवू नका.