कृपेनेच तारण होत असेल, तर याकोब कर्मांचं का बोलतो?

तुमचा प्रश्न असा: पौलाचं इफिसकरांस पत्र 2:8-9 म्हणतं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, कर्मांनी नाही, याकोबाचं पत्र 2:24 म्हणतं माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नाही. मग बायबल स्वतःलाच खोडतं का?

नाही. वचनं जागेवरून उचलून एकमेकांसमोर ठेवली की भांडण दिसतं. इफिसकरांसचं नववं वचन वाचून लोक पुस्तक मिटतात. दहाव्यात पौल लगेच सांगतो की सत्कृत्यांसाठीच आपल्याला ख्रिस्तात घडवलंय.

खरी गंमत अब्राहामात आहे. पौल आणि याकोब दोघेही त्याचाच दाखला देतात, वचनही तेच: उत्पत्ती 15:6, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि देवाने त्याला नीतिमान गणलं. तेव्हा त्याला मूल नव्हतं. पुढच्या अध्यायात इश्माएल हा मुलगा होतो, अब्राहाम 86 वर्षांचा. देवाशी कराराची खूण असलेली सुंता होते 99 व्या वर्षी. म्हणजे नीतिमान आधी ठरला, सुंता निदान तेरा वर्षांनी. पौल रोमकरांस 4 मध्ये नेमकं यावर बोट ठेवतो, कारण त्याच्यापुढे सुंतेच्या जोरावर देवाकडे हक्क सांगणारे होते. याकोब उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायाकडे जातो, अब्राहामाने मुलगा इसहाकाला अर्पण करायला वेदीवर ठेवलं तिथे, आणि म्हणतो, तो विश्वास इथे पूर्णत्वाला आला. त्याच्यापुढे होते उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावणारे.

आमच्या वेंगुर्ल्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत मासे विकणाऱ्या एका काकीने पडवीत टोपली ठेवता ठेवताच विचारलं होतं, "मगे मी इतकी वर्सां केलंय तां सगळा फुकट गेला काय?" नवस बोलायचा आणि फेडायचा, हे कोकणात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मी म्हटलं, काकी, लेक घरात राबते ती मजुरीसाठी नाही, ती लेक आहेच म्हणून.

कॅथलिक शेजारी कर्मांनी तारण मानतात, असंही आमच्याकडे सर्रास बोलतात. हा अन्याय आहे. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) जागतिक महासंघाने सह्या केलेलं घोषणापत्र स्पष्ट म्हणतं की देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आपल्या गुणांमुळे नाही. काही मतभेद उरलेत, पण हा पाया दोघांचा आहे.

याकोबाचा दुसरा अध्याय 14 व्या वचनापासून सलग वाचा. 'मला विश्वास आहे' असं जो नुसतं म्हणतो त्याच्याबद्दल तो बोलतोय, हे पहिल्याच ओळीत दिसेल.