राणीचा बाग की राणीची बाग?

प्रश्न असा आला आहे: आजी म्हणते, ‘आम्ही राणीच्या बागात हत्ती बघायला जायचो.’ घरातले बाकीचे ‘बागात नाही, बागेत’ म्हणून तिला टोकतात. बरोबर कोण?

आधी आजीला टोकणं थांबवा. ‘बाग’ फारसीतून आला आणि फारसीत नामांना लिंगच नसतं. ते मराठीनं दिलं आणि दोन्ही दिली: तो बाग, ती बाग. गंमत म्हणजे ‘राणीच्या’वरून काहीच कळत नाही, ते दोन्हीकडे सारखंच. खरं लिंग उघडं पडतं पुढच्या शब्दात. हात-हातात, तसं बाग-बागात. जीभ-जिभेत, तसं बाग-बागेत. छापील मराठीत आता स्त्रीलिंगच स्थिरावलंय, पण शेतकऱ्याच्या तोंडी ‘डाळिंबाचा बाग’ अजून ऐकू येतो. तो काही अशुद्ध बोलत नाही.

विशेषनामात आणखी वेगळंच होतं. पुण्यात आपण ‘सारसबागेत’ जातो, म्हणजे तिथली बाग अजून बागच वाटते. मुंबईत मात्र ‘लालबागचा राजा’; ‘लालबागेचा’ कुणी म्हणणार नाही. तिथं बाग मनातून गेली, वस्तीचं नाव तेवढं उरलं, म्हणून ते नागपूरचा, सोलापूरचा यांच्या रांगेत जाऊन बसलं.

आता राणी कोण? भायखळ्याची ही बाग १८६२ साली खुली झाली ती व्हिक्टोरिया गार्डन्स या नावानं. ही राणी म्हणजे ती व्हिक्टोरिया. जिजाबाईंचं नाव नंतर आलं: वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. (‘उद्यान’ नपुंसकलिंगी, तिथं भांडणच नाही. मूळ संस्कृतात अर्थ ‘बाहेर पडणं’. घराबाहेर पडून जायची जागा ती उद्यान. मला हा शब्द पाटीवर आवडतो, बोलताना मात्र ‘बाग’च येतं.)

राहिला हत्ती. त्याच आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. तेव्हा आजीला एवढंच विचारा, ती बघायला जायची तो हत्ती जिवंत होता की दगडाचा?