कृषी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी मेळाव्यापुरतेच का येतात?

कारण आपण त्यांना तेवढ्यापुरतंच बोलावतो. फेटा, नारळ, जेवण, ग्रुप फोटो, संपलं. वर पावतीपुस्तक पुढं केलं की पुढच्या वर्षी निम्मे गळतात.

तुम्ही विचारलंय, कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना कॉलेजशी कसं जोडून ठेवायचं. हे कॉलेज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं. विद्यापीठ १९६८ चं, म्हणजे बाहेर पडलेल्यांच्या किती पिढ्या झाल्या बघा. कुणी कृषी अधिकारी, कुणी बँकेत, कुणी साखर कारखान्याच्या शेती विभागात, आणि बरेच जण कृषी सेवा केंद्र टाकून बसलेले. माझ्या मते हे दुकानवाले सगळ्यात कामाचे, आणि नेमकं त्यांनाच स्टेजवर कुणी बसवत नाही. कुठल्या गावात उसाला हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलीय, लोक काय फवारतायत, हे त्यांना आधी कळतं.

म्हणून पैसे मागू नका, काम द्या. शेवटच्या वर्षाची पोरं ‘रावे’ला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, गावात राहायला जातात, त्या गावचा किंवा शेजारचा माजी विद्यार्थी त्यांच्याशी जोडून द्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळाचा खर्च-उत्पन्नाचा हिशेब वर्गात कळत नाही, गुऱ्हाळ चालवणाऱ्या सीनियरच्या रस आटवायच्या काहिलीजवळ उभं राहिल्यावर कळतो. एमपीएससी देऊन अधिकारी झालेल्यांना पोरांच्या तयारीसाठी महिन्यातून एक रविवार मागा, नाही म्हणणार नाहीत.

सुरुवात बॅचनुसार नको, तालुक्यानुसार यादी करा. शिरोळचा माणूस शिरोळच्या पोरासाठी लगेच गाडी काढतो.