किट लेन्सच्या फोटोंतील वाकड्या रेषा, काळे कोपरे आणि जांभळ्या कडा: सॉफ्टवेअर घ्यावे की लेन्स बदलावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या झूम लेन्सने) कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर यांचे फोटो काढले असता मनोरा मागे झुकलेला दिसतो, सरळ भिंत वाकते, कोपरे काळवंडतात आणि आभाळाला भिडलेल्या कडांवर जांभळी झाक येते; तर यासाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे, फुकटचे पुरेल, की लेन्सच बदलावी? मीही कोल्हापूरचाच असून याच जागांचे फोटो काढत असतो, म्हणून उदाहरणेही तिथलीच देतो.

या चार तक्रारींपैकी तीनच लेन्सच्या आहेत. न्यू पॅलेसचा अष्टकोनी मनोरा मागे झुकतो तो आपण जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलल्यामुळे, आणि कितीही महागडी सर्वसाधारण लेन्स लावली तरी त्या जागेवरून तो तसाच झुकेल. ही फोड आधी करून घ्यावी, कारण लेन्सचे दोष मोजता येण्यासारखे असतात आणि एकदा मोजले की त्या लेन्सच्या प्रत्येक फोटोला तीच दुरुस्ती लागू पडते. कॅमेऱ्याच्या कोनामुळे आलेला दोष मात्र दर फोटोला निराळा असतो.

सॉफ्टवेअरमधील ‘लेन्स प्रोफाइल’ म्हणजे नेमके हे मोजमाप होय. ठरावीक आकृत्यांच्या तक्त्याचे फोटो वेगवेगळ्या फोकल लेंग्थवर (झूमच्या स्थितीवर) आणि ॲपर्चरवर (लेन्समधील छिद्राच्या आकारावर) काढून रेषा किती वाकली, कोपरा किती काळवंडला आणि लाल-निळे रंग किती सरकले याचे आकडे तयार केले जातात. आपण फाइल उघडली की सॉफ्टवेअर तिच्यातील एक्झिफ माहितीवरून (कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहिलेल्या नोंदीवरून) कॅमेरा, लेन्स आणि फोकल लेंग्थ ओळखते आणि ते आकडे उलटे लावते. किट झूम साधारणपणे १८ मिलिमीटरला रेषा बाहेर फुगवते आणि ५५ कडे जाताना किंचित आत ओढते, त्यामुळे एकच स्लायडर सगळ्या फोटोंना लावून चालत नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सची नोंद एक्झिफमध्ये येत नाही, तिथे लेन्सचे नाव आणि फोकल लेंग्थ आपल्यालाच निवडून द्यावी लागते.

इथे एक खबरदारी घ्यावी. कॅमेऱ्यात विरूपण-दुरुस्ती (वाकड्या रेषा सरळ करण्याची सोय) चालू असेल तर जेपेग फाइल दुरुस्त होऊनच बाहेर पडते, आणि तिच्यावर पुन्हा प्रोफाइल लावले तर फुगलेली भिंत आता आत खचते. प्रोफाइल रॉ फाइलवरच, म्हणजे कॅमेऱ्याने दुरुस्त न केलेल्या मूळ फाइलवरच लावावे. मिररलेस कॅमेऱ्यांतील अनेक लेन्स तर मुळातच दुरुस्ती गृहीत धरून बनवलेल्या असतात; त्यांच्या रॉ फाइलमध्येच हे आकडे लिहिलेले असतात आणि ॲडोबीच्या लाइटरूमसारखे सॉफ्टवेअर ते न विचारता लावून टाकते.

जांभळ्या कडांचा विषय थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाइतकी चांगली जागा आपल्या जिल्ह्यात नाही. ४८ खांबांच्या त्या मंडपाच्या मधोमध छताला गोल उघडा भाग आहे. खाली झोपून सरळ वर फोटो काढला की काळ्या दगडाची कड थेट पांढऱ्या आभाळाला भिडते. फोटो शंभर टक्के मोठा करून ती कड आणि बाहेरच्या बाजूचे खांब नीट पाहावेत. खांबाच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळसर रेघ दिसत असेल, आणि फ्रेमच्या मध्याकडे ती नाहीशी होत असेल, तर लाल आणि निळी प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराची पडली आहे असे समजावे. हा दोष ॲपर्चर लहान करून जात नाही, पण सॉफ्टवेअरला तो सर्वांत सोपा, कारण त्या रंगाचा थर थोडा लहान-मोठा केला की काम होते. याउलट कडेच्या दोन्ही बाजूंना एकच जांभळा रंग असेल आणि तो फ्रेमच्या मध्यातही दिसत असेल, तर वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस झालेले असतात. हा दोष एफ/३.५ वरून एफ/८ वर, म्हणजे लहान ॲपर्चरवर गेल्यास बराच कमी होतो, आणि जो उरतो त्यासाठी सॉफ्टवेअरमधील डिफ्रिंज हे साधन वापरावे लागते.

डिफ्रिंज मात्र जपून वापरावे. ते दोष ओळखत नाही, फक्त कडेवरचा जांभळट रंग फिका करते. जोतिबाच्या चैत्र यात्रेतील गुलालाने माखलेल्या गर्दीच्या फोटोवर ते जोरात ओढले तर माणसांच्या डोक्यांच्या आणि सासनकाठ्यांच्या कडा राखाडी पडतात. अशा वेळी पूर्ण फोटोवर न लावता ब्रशने हव्या त्या कडेपुरतेच लावणे बरे.

काळ्या कोपऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, एवढेच की उजळवण्याची किंमत मोजावी लागते. कोपरा दोन स्टॉप उजळला म्हणजे तिथला उजेड चौपट वाढवला, म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर काढलेल्या संध्याकाळच्या रंकाळ्याच्या फोटोत कोपऱ्यांतील दाणे आयएसओ १२८०० सारखे दिसू लागतात. मी अशा फोटोंत ही दुरुस्ती निम्म्यावर ठेवतो, आणि व्यक्तिचित्रांत तर बहुधा बंदच ठेवतो.

आता मनोऱ्याकडे येऊ. आधी लेन्स प्रोफाइल लावावे आणि मगच उभ्या रेषा सरळ कराव्यात, कारण वाकलेल्या रेषेवरून सॉफ्टवेअरला कोन नीट काढता येत नाही. लाइटरूममध्ये यासाठी अपराइट हे साधन आहे, आणि त्यातील ‘गाइडेड’ प्रकारात मनोऱ्याच्या दोन उभ्या कडांवर आपणच रेषा आखून देतो. स्वयंचलित प्रकारापेक्षा मला हाच भरवशाचा वाटतो. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्येही उभ्या रेषा सरळ करण्याचे वेगळे मॉड्यूल आहे. या दुरुस्तीत फोटोचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचे दोन्ही कोपरे रिकामे पडतात, म्हणून फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना सढळ जागा सोडावी. शंभर टक्के सरळ केलेला मनोरा वरच्या बाजूला रुंद झाल्यासारखा भासतो, तेव्हा थोडा झुकाव राहू दिलेला चांगला. शक्य असेल तर पन्नास पावले मागे जाऊन, कॅमेरा क्षितिजाला समांतर धरून, खालची जास्तीची जमीन क्रॉप करणे हा उपाय या सगळ्याहून सरस आहे.

सॉफ्टवेअरचे म्हणाल, तर आपण सांगितलेल्या दोषांसाठी पैसे खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. कॅमेरा कॅनन किंवा निकॉनचा असेल तर डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा एनएक्स स्टुडिओ ही कंपनीचीच सॉफ्टवेअर मोफत मिळतात, आणि आपल्याच लेन्सचे मोजमाप कंपनीइतके कोणाकडे असणार! डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर लेन्सफन हा सामायिक डेटाबेस वापरतात. १८-५५ सारखी घरोघरी असलेली लेन्स त्यात हमखास सापडते, नवी किंवा दुर्मीळ लेन्स मात्र सापडेलच असे नाही. रॉथेरपीला ॲडोबीच्या प्रोफाइल फाइलही चालतात. लाइटरूमचे मासिक भाडे फोटोंचा संग्रह सांभाळण्यासाठी भरायचे असेल तर भरावे, केवळ लेन्स-दुरुस्तीसाठी नव्हे. डीएक्सओ फोटोलॅब मात्र खरोखर वेगळे आहे, कारण ते कॅमेरा आणि लेन्स यांची जोडी प्रयोगशाळेत मोजून कोपऱ्यांकडे कमी होत जाणारा रेखीवपणाही भरून काढते, आणि किट लेन्सला त्याचा सर्वाधिक लाभ होतो.

लेन्स बदलण्याचा विचार एकाच कारणासाठी करावा. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने सपाट चिकटवून, ट्रायपॉडवर, भिंतीशी अगदी समोरासमोर राहून एफ/८ वर फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे ताडून पाहा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर काळजीचे कारण नाही. एकच बाजू सतत धूसर येत असेल, तर लेन्सच्या आतील काच जागेवरून सरकलेली असू शकते, आणि सर्व प्रोफाइल फ्रेमच्या मध्याभोवती समान दोष गृहीत धरत असल्यामुळे त्यावर कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर तो फोटो घेऊनच सर्व्हिस सेंटरला जावे.